कॉलेज लागण्याआधी पत्रकारितेची तयारी : प्रेस कार्ड नको, आधी वही घ्या

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना जे दोन-दोनदा आलं ते थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय तुमच्यातूनच आलाय. निफाड तालुक्यातून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बारावीला आहे. म्हणतो, "दादा, मला पत्रकार व्हायचंय. कॉलेजला अजून वर्ष आहे. एक जण म्हणतोय, पाच हजार भर, चॅनलचं प्रेस कार्ड आणि माईक देतो, लगेच सुरू कर. घरी मागू का पैसे?"

अशा अर्थाचे मेसेज मला बऱ्याचदा येतात. आकडा बदलतो, प्रश्न तोच. म्हणून उत्तर आधीच देतो : नका मागू. आणि हे वर्ष वाया पण घालवू नका. पाच हजार न भरता, कुणाचीही परवानगी न घेता, खिशातल्या फोनवर आणि दहा-वीस रुपयांच्या वहीत पत्रकारितेची बरीचशी तयारी होते. कशी, ते आज नाशिकचीच उदाहरणं घेऊन सांगतो.

प्रेस कार्ड विकणाऱ्याचं काय?

आपल्या देशात पत्रकारिता करायला लायसन्स लागत नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, तसं इथे काही नाही. कार्ड देते ती संस्था, तिच्याकडे काम करणाऱ्या माणसाला. म्हणजे आधी काम, मग कार्ड. दुसरा प्रकार म्हणजे सरकारची अधिस्वीकृती पत्रिका. ती राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते, पण त्यासाठी पत्रकारितेचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. बारावीतल्या मुलाला ती मिळण्याचा प्रश्नच नाही.

तेव्हा पैसे घेऊन कार्ड देणारा माणूस तुम्हाला विकतोय काय, तर गाडीवर 'प्रेस' लिहायची हौस. आणि ते कार्ड दाखवून उद्या कुणाकडे वसुलीला गेलात, किंवा तुम्हाला पाठवलं गेलं, तर नाव पोलीस ठाण्यात तुमचं लागणार. तो फोन बंद करून बसलेला असेल.

कॉलेजच्या आधी कुणी काही केलंय का?

केलंय. १८५५ साली पुण्यात, जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. शाळकरी पोर होती ती. तिच्याकडे काय होतं? ज्या वस्तीत ती वाढली तिथलं तिला दिसत होतं, आणि ते स्पष्ट शब्दांत मांडायची हिंमत होती. आज पावणेदोनशे वर्षांनीही तो निबंध वाचला जातो.

दुसरं नाव बाळशास्त्री जांभेकरांचं. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतो. तेव्हा ते विशीच्या आसपास होते. गणित, खगोल, भाषा, सगळ्यात गती असलेला माणूस. पत्रकारितेचं कॉलेज तेव्हा नव्हतंच, पण विषयाचं ज्ञान होतं.

या दोन उदाहरणांतून मी एवढंच घेतो : जवळचं नीट बघणं आणि विषय समजून घेणं. या दोन्हीची सवय कॉलेज सुरू व्हायच्या आधी लावता येते. किंबहुना आधी लावलेली बरी, कारण कॉलेजात लेआउट शिकवतात, कॅमेरा शिकवतात, कायदा शिकवतात, पण सवय कुणी शिकवत नाही.

पहिलं काम : एक बीट निवडा

वर्तमानपत्रात प्रत्येक बातमीदाराचं एक 'बीट' असतं. कुणाकडे महापालिका, कुणाकडे क्राइम, कुणाकडे शेती. तुम्हीही एक निवडा, आणि छोटं निवडा. 'राजकारण' हे बीट नाही, तो समुद्र आहे. 'आमच्या गावाचं पाणी' हे बीट आहे. 'आमच्या रूटची सिटी बस', 'गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र', 'आमच्या प्रभागातले रस्ते' ही बीटं आहेत. नाशिक शहरात राहत असाल तर २०२७ चा सिंहस्थ आहेच. कुठला रस्ता खोदला, काम कधी संपणार असं फलकावर लिहिलंय, खरोखर कधी संपलं, तपोवनातल्या झाडांचं पुढे काय झालं, रामकुंडावर काय बदललं. एका माणसाला वर्षभर पुरेल इतकं काम.

निफाडच्या मित्राला मी म्हटलं, अरे, तुझ्या तालुक्यात लासलगाव आहे! कांद्याची देशातली इतकी मोठी बाजारपेठ, आणि तू माईक विकत घ्यायला निघालास? सकाळी बाजार समितीत जाऊन उभा राहा. ट्रॉल्यांची रांग बघ. व्यापारी बोली कशी लावतात ते ऐक. उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांत फरक काय, गोल्टी म्हणजे काय, चाळीत साठवलेला माल किती महिने टिकतो, किती सडतो, हे शेतकऱ्याला विचार. महिनाभर गेलास तर दिल्लीहून येऊन दोन तासांत परत जाणाऱ्या रिपोर्टरपेक्षा तुला जास्त कळलेलं असेल.

दुसरं काम : आकडा फोडायला शिका

आता त्याच कांद्यावर थोडं थांबतो, कारण इथे शिकण्यासारखं खूप आहे.

बाजार समिती रोजचे भाव जाहीर करते. त्यात तीन आकडे असतात : किमान, कमाल आणि सरासरी, क्विंटलला. समजा, उदाहरण म्हणून बरं का, एके दिवशी किमान ७००, कमाल २,४०० आणि सरासरी १,६०० आहे. हेडिंग येतं, 'कांदा २,४०० वर'. खोटं आहे का? नाही. पण २,४०० कदाचित दोन-चार ट्रॉल्यांनाच मिळाला असेल. बहुतेकांच्या हातात काय पडलं ते कळायला सरासरी बघावी लागते, आणि त्या दिवशी आवक किती होती तेही.

पुढची पायरी म्हणजे अटी वाचणं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून. आपल्या जिल्ह्यात केवढा संताप उसळला ते अनेकांच्या लक्षात असेल. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली. फोनवर काय आलं? 'निर्यातबंदी उठली'. संपलं. पण त्या आदेशाला दोन शेपट्या होत्या. एक, टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्य. दोन, वर ४० टक्के निर्यात शुल्क.

आता वही काढा. ५५० चे ४० टक्के म्हणजे २२०. मिळून ७७० डॉलर टनाला. तेव्हाच्या दराने, डॉलर साधारण ८३ रुपये धरला तर, किलोमागे जवळपास ६४ रुपये. म्हणजे परदेशातल्या खरेदीदाराला आपला कांदा निदान त्या भावाने परवडला पाहिजे, तेही जहाजाचं भाडं सोडून. मग त्याच दिवसाचा लासलगावचा सरासरी भाव शोधा आणि शेजारी लिहा. ही झाली बातमी. हे करायला तुम्हाला कुठलं कार्ड लागलं? सातवीचं गणित लागलं.

असंच पावसाळ्यात. 'गंगापूर धरणातून हजार क्युसेक विसर्ग.' क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा : दर सेकंदाला जवळपास तीन टँकर. तुमच्या आजीला 'क्युसेक' कळणार नाही, टँकर लगेच कळेल. आकडा बरोबर ठेवून तो माणसाला कळेल असा सांगणं, हे आपलं रोजचं काम आहे.

तिसरं काम : फॉरवर्ड करण्याआधी थांबा

नाशिककरांना पुराचं माप विचारा, ते सेंटिमीटरमध्ये सांगत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, की गळ्याशी आलं, असं सांगतात. म्हणून दर पावसाळ्यात एक व्हिडिओ फिरतो : मारुती पाण्यात, खाली लिहिलेलं 'आत्ताची परिस्थिती'. बऱ्याचदा तो जुना असतो, ऑगस्ट २०१९ च्या पुराचा किंवा त्याच्याही आधीचा.

तपासायचं कसं? चार गोष्टी करा.

एक, व्हिडिओ पॉज करा आणि आजूबाजूला बघा. दुकानांच्या पाट्या, होर्डिंगवरचे चेहरे, पुलाचं काम, लोकांच्या तोंडावर मास्क. यातलं काहीतरी साल सांगून जातं.

दोन, एका फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. जुना असेल तर जुनी बातमी सापडण्याची शक्यता असते.

तीन, धरणातून आज विसर्ग किती आहे ते प्रशासनाच्या अधिकृत माहितीत बघा. विसर्गच नाही, पाऊसही नाही, आणि मारुती बुडालाय? मग काहीतरी गडबड आहे.

चार, पंचवटीत, गोदाघाटाजवळ राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करा. सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का मार्ग.

दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवर महिनाभर हे करा. 'हा व्हिडिओ जुना आहे, हे बघा' असं पुराव्यासकट, आणि काकांचा अपमान न करता सांगा. (हसत) ते दुसरं वाक्य जास्त अवघड आहे, मला माहितीय.

चौथं काम : माणसांशी बोलणं

मार्च २०१८. नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला निघाले, किसान सभेचा लाँग मार्च. ६ तारखेला निघाले, १२ तारखेला आझाद मैदानात पोहोचले, साधारण १८० किलोमीटर. मुंबईत दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले. तुमच्यातले काही तेव्हा प्राथमिक शाळेत असाल. पण ते फोटो तुम्ही पाहिले असतील : लाल टोप्या आणि फोड आलेले, सोललेले तळपाय.

ते फोटो फार गाजले. लोकांनी पाणी दिलं, चपला दिल्या, जेवण दिलं. पण मी आजही तरुण मुलांना विचारतो, ते कशासाठी चालले होते? बहुतेक जण म्हणतात, कर्जमाफी. तीही मागणी होतीच. पण त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण अशा भागांतले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांची मुख्य मागणी होती वनहक्काची. कसत असलेली जमीन २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे नावावर व्हावी, ही. तळपाय लक्षात राहिले, सातबारा राहून गेला.

म्हणून कुणाशी बोलाल तेव्हा 'कसं वाटतंय?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा : काय झालं, कधीपासून, तुमच्याकडे कागद आहे का, अधिकाऱ्यांनी काय सांगितलं, मग पुढे काय केलंत? आणि मग गप्प बसा. समोरचा थांबला तरी दोन सेकंद गप्प राहा. बऱ्याचदा महत्त्वाचं वाक्य त्या दोन सेकंदांनंतर येतं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, 'मावशी, रेकॉर्ड केलं तर चालेल का? कशासाठी ते सांगतो.' मग घरी येऊन ते ऐकत ऐकत शब्दन् शब्द लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण आपण समोरच्याला कुठे तोडलं, कुठला प्रश्न निसटला, सगळं कळतं. महिन्याला एक मुलाखत अशी लिहून काढलीत तरी पुरे. सुरुवात घरातून करा. आजोबांना विचारा, १९७२ च्या दुष्काळात घरात काय खाल्लं?

हे वाचायचं कुठे, असं विचाराल तर 'पारी' उघडा, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ मराठीतही वाचता येतं, फुकट. तिथे विद्यार्थ्यांनी केलेलं कामही प्रसिद्ध होतं.

पाचवं काम : कागद मागा

माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. तो 'नागरिकाला' अधिकार देतो, पत्रकाराला वेगळा काही देत नाही. म्हणजे बातमीदार जो अर्ज करतो तोच तुमच्या घरचेही करू शकतात. शुल्क १० रुपये. उत्तरासाठी मुदत साधारण ३० दिवस. उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.

इथे शिकायची गोष्ट म्हणजे प्रश्न. 'आमच्या रस्त्यावर खड्डे का आहेत?' असं विचारलंत तर काही मिळणार नाही, कारण 'का'चं उत्तर फाइलमध्ये नसतं. त्याऐवजी असं मागा : 'अमुक रस्त्याच्या दुरुस्तीचा अमुक वर्षातला कार्यादेश, ठेकेदाराला दिलेल्या रकमेच्या बिलाची प्रत आणि देखभालीची मुदत.' असलेला कागद मागायचा. आपल्या राज्यात अर्ज छोटा आणि एकाच विषयाचा ठेवावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

एक काळजीचं सांगतो. अर्जावर पत्ता जातो. त्यामुळे घरी सांगितल्याशिवाय, आणि ठेकेदार-पुढारी यांच्या भानगडीचा विषय असेल तर मोठ्या माणसाचा सल्ला घेतल्याशिवाय, करू नका. बरीच माहिती अर्ज न करताही मिळते. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभा वर्षातून निदान चार व्हायला हव्यात. जाऊन मागे बसा, लिहून घ्या. बजेटचं पुस्तक बघायला मागा.

काय टाकायचं नाही

फोन हातात आहे म्हणजे सगळं टाकता येतं, पण सगळं टाकायचं नसतं. लैंगिक अत्याचाराची घटना असेल तर पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नाव नाही टाकलं पण गल्ली, शाळा, वडिलांचा धंदा सांगितला, तरी ओळख उघड होते. लहान मुलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. 'मी फक्त स्टोरी शेअर केली' हे कारण चालत नाही.

अपघात झाला तर आधी १०८ ला फोन, मग बाकीचं. मृतदेहाचा व्हिडिओ नको. घरच्यांना कळायच्या आत नाव नको. आणि कुणावर आरोप करणार असाल तर त्या माणसाला विचारलंत का? त्याचं म्हणणं नसेल तर लेख अर्धा आहे, आणि बदनामीचा दावा लागू शकतो.

मग कॉलेज आणि पैसे?

पत्रकारितेसाठी बारावीला अमुकच शाखा हवी असं नाही. नाशिकमध्ये एच.पी.टी. महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयही इथलंच. पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात. प्रवेशाचे नियम दरवर्षी त्यांच्या साइटवरच बघा. आणि दुसरा रस्ताही आहे : आधी अर्थशास्त्र, विज्ञान, शेती किंवा कायदा यांत पदवी, मग पत्रकारिता. साईनाथ इतिहासाचे विद्यार्थी होते.

पैशाचं खरं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. तालुका पातळीवर अनेक बातमीदारांना पूर्ण पगार नसतो, आणि बातमीबरोबर जाहिराती आणायचं कामही गळ्यात पडतं. त्यातून काय काय होतं ते तुम्ही समजू शकता. म्हणून निर्णय घ्यायच्या आधी तुमच्या तालुक्यातल्या एका बातमीदाराला भेटा, चहा पाजा आणि थेट विचारा, 'दादा, घर कशावर चालतं?' किंवा 'ताई, रात्रीच्या बातमीला कशा जाता?' उत्तर ऐकूनही इच्छा टिकली, तर ती खरी.

या आठवड्यापासून काय कराल?

एक बीट ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

रोज एक बातमी दोन वेगवेगळ्या पेपरांत वाचा. कुठली गोष्ट एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते टिपा. घरी पेपर येत नसेल तर जवळचं वाचनालय गाठा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, तुमच्यासाठी थांबलंय.

आठवड्याला तीनशे शब्द लिहा. प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहा : 'मी पाहिलं', 'अमक्याने सांगितलं' की 'कागदात आहे'. जिथे यांतलं काहीच लिहिता येत नाही, ते वाक्य खोडा.

असे सव्वीस आठवडे केलेत तर सहा महिन्यांनी हातात सव्वीस तुकडे असतील. पाच-सहा फसलेले असतील, असू देत. कॉलेजच्या मुलाखतीत 'पत्रकार का व्हायचंय?' विचारलं, तर भाषण करू नका. ती वही पुढे सरकवा.

निफाडच्या मित्राने परवा कळवलंय, पाच हजारांना नाही म्हणाला आणि शनिवारी लासलगावला चाललाय. भाव काय निघाला ते मी त्याला विचारणार आहे, आणि सरासरी विचारणार आहे. तुमचं बीट कुठलं, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात तुमच्यातल्या काही जणांचे तीनशे शब्द घेऊन बसू, आणि समासात काय लिहिलंय तेही बघू. तोपर्यंत, ऐकत राहा, विचारत राहा.